आधी धाकट्याने निवडायचं

मेदार ओणी, हानगल
१४ जानेवारी १९८७

विरुपाक्षा,

तुझ्या शब्दकोशाच्या ऑफिसचा छापील कागद पोचला. पाकिटावरचं अक्षर तुझं आहे, नाव मात्र लिहिलंयस 'श्रीमती गिरिजव्वा, बांबू कारागीर'. इतक्या वर्षांनी भावाचं पाकीट आलं म्हणून मी हातातला कोयता टाकून धावले, आणि आत काय निघालं, तर 'सीळु या क्रियापदाचा अर्थ सांगा, वापर सांगा, वापराची तीन वाक्ये द्या, माहितगाराचे वय लिहा.' वय लिहा! तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे मी. स्वतःच्या वयात सहा मिळव आणि लिही तूच.

कमळी वाचून पोट धरून हसली. म्हणाली, "अव्वा, मामानं तुला परीक्षेला बसवलंय. नापास झालीस तर?"

तर घे उत्तर. बापाच्या अंगणात बावीस वर्षं बांबू चिरलेल्या माणसाला हा अर्थ मला विचारावा लागतो, हे तुझ्या साहेबाला माहीत नसेल तर त्याला सांगू नकोस, लाज जाईल.

सीळु म्हणजे उभं चिरून एकाचे दोन करणं. उभंच. लाकूड फोडतात, भाकरी मोडतात, कापड फाडतात, नारळ फोडतात. बांबूसुद्धा आडवा घाव घालून दोन तुकडे केलास तर त्याला आमच्यात सीळु म्हणत नाहीत, ते नुसतं तोडणं. तोडलं की एकाकडे शेंडा जातो आणि दुसऱ्याकडे बुंधा. चिरलं की दोघांकडेही शेंडा असतो आणि दोघांकडेही बुंधा. एवढं नीट लिहून घे, हे कुठल्या पंडिताला सांगता यायचं नाही.

वापर असा. लाकूड बुंध्याकडून चिरतात, बांबू शेंड्याकडून. शेंड्यावर कोयता ठेवायचा, वरून ठोकायचं, पहिलं पेर उघडलं की कोयता पिरगाळायचा. मग लांब बांबूला दोन माणसं लागतात, एकेकाने एकेक बाजू धरून ओढायची. चीर सरळ जातेच असं नाही. कुठल्याही पेरावर ती एका अंगाला पळते, मग एक बाजू जाड राहते आणि एक बारीक. तेव्हा जाड बाजू जास्त वाकवायची, चीर आपोआप मध्यावर परत येते. हे अप्पाने तुलाही शिकवलं होतं.

तीन वाक्यं नंतर देते. हात रिकामा नाही. इकडे सगळं ठीक आहे.

गिरिजव्वा


७ फेब्रुवारी

विरुपाक्षा,

तुझ्या ऑफिसची चिठ्ठी मिळाली. 'आपली माहिती उपयुक्त आहे. वाक्ये नैसर्गिक वापरातील असावीत.' आणि खाली पेनाने, तुझ्या हातचं: 'कमळी कितवीत आहे?'

अरे, कमळी एकोणीस वर्षांची झाली! मॅट्रिक होऊन शिवणाचा क्लास झाला, आता राणेबेन्नूरचं एक स्थळ बघून गेलंय. तुझ्या डोक्यात ती अजून दोन वेण्या घालून तुझ्या पाठीवर बसलेली असेल. तू गेलास तेव्हा ती आठची होती, आणि तू तिला बस दाखवायला घेऊन जातो म्हणालास, आणि त्याच बसमध्ये बसून गेलास. ती स्टँडवरून एकटी परत आली. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. टोचायलाच लिहितेय.

तुला नैसर्गिक वाक्यं हवीत. काल दिवसभर कान उघडे ठेवून बसले. ओणीतले, अख्ख्या गल्लीतले लोक विचारायला लागले, गिरिजव्वाला झालंय काय, कुणाशी भांडत कशी नाही.

पहिलं. दुर्गप्पज्जा सुनेला म्हणाला, "अगं बाई, बांबू चिरतेयस की पोळ्याच्या बैलाच्या शिंगाला रंग देतेयस? ओढ की जरा!" तो अजून खुर्ची टाकून ओणीच्या तोंडाशी बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सोलतो. दात गेलेत, जीभ शाबूत आहे.

दुसरं. शेजारची हनमव्वा नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही चिरलेल्या बांबूचं सूप विणलं तर त्यातून तांदूळच काय, तांदळाचं पोतं खाली पडेल."

तिसरं तुला तोंडपाठ असेल. "जाड बाजू वाकव गिरिजी, बारकीला हात लावू नको." अप्पाचं. हे तिसरं वाक्य छापू नका. मी त्याच्या बदल्यात दुसरं देईन.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. घराच्या वाटणीलाही इथे तोच शब्द वापरतात. कारण आमच्या ओणीत वाटणी मोजपट्टीने होत नाही, हे तुझ्या मैसूरच्या साहेबाला कुठून माहीत असणार! थोरल्याने चार लोकांसमोर एक अख्खा बांबू चिरायचा. शेवटच्या पेरातून चीर जशी बाहेर पडेल, त्या प्रमाणात अंगणात दोरी टाकायची. आणि कुठला वाटा हवा ते आधी धाकट्याने निवडायचं. म्हणजे चिरणाऱ्याचा हात सरळ राहतो. एक बाजू जाड केलीस तर ती धाकटा उचलणार, तुझ्या हाती बारकी. यात लबाडीला जागाच नाही, असं दुर्गप्पज्जा म्हणतो.

आपली वाटणी झाली तेव्हा माझा हात चुकला होता, हे सगळ्यांना माहीत आहे. तेही छापायचं कारण नाही.

गिरिजव्वा


२० मार्च

विरुपाक्षा,

मागच्या पत्राला उत्तर नाही. तुझं कोशाचं काम भागलं असेल, आता अक्का कशाला हवी.

कमळीचं ठरलं. मुलगा बस डेपोत मेकॅनिक आहे, नाव चन्नवीर. बोलतो कमी, खातो बरा. लग्न सात मे. त्याआधी आठवडाभर, तीस एप्रिलला, सुपांचा बांबू चिरायचा आहे.

तू विसरला असशील म्हणून नव्हे, पण लिहिते. नवरीला सासरी पाठवताना जी दोन सुपं द्यायची, एकात बांगड्या, हळद-कुंकू, डाळ-तांदूळ भरून दुसरं त्यावर झाकायचं, ती दोन्ही एकाच बांबूची लागतात. शेंड्यावर कोयता आईने ठोकायचा. मग एक बाजू आईने धरायची, एक मामाने. दोघांनी ओढून बांबू दुभागायचा, आईच्या भागाचं खालचं सूप, मामाच्या भागाचं वरचं. मामा नसेल तर ती बाजू खांबाला बांधतात आणि आई एकटी ओढते. माझ्या लहानपणी मी हे एकदाच पाहिलंय, फकीरव्वाच्या लग्नात. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. सासरी तिला मरेपर्यंत 'खांबाची' म्हणायचे.

काल नवऱ्याची आई आली होती. पोहे खाता खाता सहज विचारल्यासारखं विचारते, "मुलीचे मामा कुठं असतात?" मी म्हटलं, "मैसूरला. मोठ्या ऑफिसात. शब्द गोळा करतात." ती म्हणाली, "शब्द? ते कुठं विकतात?" कमळीला हसू आवरेना, तिने तोंडात पदर कोंबला. मग बाई म्हणाली, "येतील ना मामा?" मी म्हटलं, "न येऊन जातील कुठं!"

तिच्यासमोर मी हे ठणकावून बोलले आणि ती गेल्यावर अर्धा तास अंगणात नुसती फेऱ्या मारत होते. दुर्गप्पज्जाने खुर्चीवरून बघितलं आणि ओरडला, "गिरिजी, खांब शोधतेयस का? पिंपळाकडचा घे, तो मजबूत आहे!" मी त्याला काय बोलले ते तुझ्या कोशात बसणार नाही.

तर येणार असशील तर ये. नसशील तर नको येऊस. खांब आहेच. पोरीला मामा आहे हे आम्ही विसरून जाऊ, तसेही अकरा वर्षं विसरलोच आहोत.

गिरिजव्वा


२२ मार्च

परवाचं पत्र रागात टाकलं. पेटीत हात घालून परत काढता येतं का बघत होते, पोस्टमन हसला.

विरुपाक्षा, ये. माझ्यासाठी नको. पोरीला 'खांबाची' म्हणवून घ्यायला लावू नकोस. ती तुझी कुणीच लागत नाही असं तर नाही.

गि.


२४ एप्रिल

विरुपाक्षा,

काल तुझं कार्ड आलं. चार ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की कार्डाचा कोपरा झिजून गेला. 'रजा मिळेलसं वाटत नाही. काळ बदललाय, खांबाने काही बिघडत नाही. अक्का, मी मागचा वाटा घेतला तेव्हा तुझ्यासाठी घेतला. अकरा वर्षांत तू एकदाही म्हणाली नाहीस, राहू दे रे, अर्धं घे.'

नाही म्हणाले. का नाही म्हणाले, ते आज लिहिते. कमळी चन्नवीरच्या बहिणीबरोबर साड्या बघायला हावेरीला गेलीय, घरात कुणी नाही. सकाळपासून तीन कागद फाडले. आता फाडणार नाही.

माझा हात चुकला नव्हता.

अप्पाला जाऊन महिना झाला होता. माझा नवरा त्याच्या आधी वर्षभर गेलेला. आठ वर्षांची पोर घेऊन मी बापाच्या घरी परत आले होते. मुलीला वाटा द्यायचा असं अप्पाने तोंडी सांगून ठेवलं होतं म्हणून मला वाटा मिळणार होता, नाहीतर ओणीने मला दारात उभं केलं नसतं. आपलं अंगण कसं आहे ते तू जाणतोस. रस्त्याच्या अंगाला विहीर आहे, मांडव आहे, गिऱ्हाईक तिथंच थांबतं. मागच्या अंगाला तळ्याचं पाणी चढतं, पावसाळाभर बांबू भिजून काळे पडतात. मला पुढचं हवं होतं. पुढचं, आणि जास्त.

बांबू मीच आणला होता, जंगलखात्याच्या डेपोतून निवडून. सरळ होता. एका बाजूने मी धरला, दुसऱ्या बाजूने दुर्गप्पज्जाने, तेव्हा त्याच्या हातात जोर होता. चौदा माणसं बघत होती. तू माझ्यासमोर उभा होतास, दोन हातांवर. पाचव्या पेरावर चीर आपणहून माझ्या अंगाला पळाली. तेवढं खरं. माझ्या हातात बारकी बाजू, अज्जाच्या हातात जाड. अज्जा जाड बाजू वाकवणार तेवढ्यात मी माझी बारकी बाजू वाकवली. जरासाच हात. कुणाला दिसू नये इतका. मग चीर पळतच गेली. शेवटच्या पेरातून बाहेर पडली तेव्हा तीनातले दोन भाग एकीकडे आणि एक एकीकडे. दोरी तशीच पडली, पुढे दोन, मागे एक. लोक हळहळले, "दुःखात आहे बिचारी, हात चुकला."

पण त्यातून मला काय मिळणार होतं? निवड तुझी होती. लबाडी केली तर जाड वाटा धाकटा उचलतो. दुर्गप्पज्जा म्हणतो ते खरंच आहे, कुठल्याही दोन माणसांच्या बाबतीत खरं आहे.

मी तुला ओळखत होते. माझ्या कडेवर वाढलास. भाकरीचा मोठा तुकडा समोर असला की तू आधी माझ्याकडे बघायचास. चौदा माणसांसमोर विधवा बहिणीपुढे मोठा वाटा तू उचलणार नाहीस, हे मला बांबू डेपोतून आणताना माहीत होतं. तुझ्या चांगुलपणावर मी डाव लावला. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी मान खाली घातली. मुद्दाम घातली. तू म्हणालास, "मागचं माझं." सगळ्यांनी तुला शाबासकी दिली, आणि मी पदर डोळ्याला लावला.

त्यानंतर तू बाविसाव्या वर्षी, पाणी भरणाऱ्या तेवढ्या तुकड्यात काय करणार होतास? मैसूरला गेलास. ओणीत मी सांगत सुटले, भाऊ बहिणीला टाकून गेला. सांगता सांगता मला खरंच वाटायला लागलं. 'अर्धं घे' म्हणाले असते तर तू विचारलं असतंस, आज का? मग मला हे सांगावं लागलं असतं. म्हणून पत्र नाही, निरोप नाही. तुझी पहिल्या वर्षीची दोन पत्रं आली होती, तीही उघडली नाहीत. ती अजून पत्र्याच्या डब्यात आहेत.

आता बोलावताना हे न सांगता तुझ्या हातात बांबूची दुसरी बाजू द्यायची माझी छाती होत नाही. वाचून यायचं नसेल तर नको येऊस. खांब बांधीन. कमळीने कारण विचारलं तर मी खरं सांगितलं म्हणून तू आला नाहीस, असं तिला सांगेन.

तुझी अक्का


९ मे

विरुपाक्षा,

तू आता मैसूरला पोचत असशील. हावेरीला गाडीत जागा मिळाली का?

हे पत्र तुझ्या मागोमाग येतंय, पण त्याच्या आधीचं एक पत्र तुझ्या दाराच्या फटीतून कधीच आत पडलं असेल. ते तू वाचलेलं नाहीस. आता वाचशील.

अठ्ठावीस तारखेला संध्याकाळच्या बसमधून उतरलास, खांद्यावर पिशवी, केसांत पांढरं, आणि दारातून म्हणालास, "अक्का, खांब धुऊन ठेवलास का?" मला वाटलं तू पत्र वाचलंस. वाचून आलास. मी तुझ्या पायाशी बसायचंच बाकी होतं, तेवढ्यात कमळीने तुझ्या गळ्यात हात टाकले आणि तुम्ही दोघंही रडलात. माझ्या मनावरचं अकरा वर्षांचं ओझं एका दमात उतरलं. रोट्या भाजताना मी गाणं म्हणत होते, हनमव्वा कुंपणावरून डोकावून गेली.

मग जेवताना तू म्हणालास, "मैसूर सोडून आठवडा झाला की. सिरसीला होतो, सुपारीवाल्यांचे शब्द घेत. तुला ते कार्ड टाकलं आणि निघालो, पण चैन पडेना." माझा हात भाजीच्या पातेल्यातच राहिला. कमळी म्हणाली, "अव्वा, वाढ ना!"

त्या दहा दिवसांत मी तुला सांगायला किती वेळा तोंड उघडलं! तू मांडव शाकारत होतास तेव्हा, तू अज्जाला त्याच्या तरुणपणच्या शिव्या विचारून कार्डावर उतरवून घेत होतास तेव्हा. विहिरीवर तर "विरुपाक्षा, ऐक" एवढं म्हणालेही. तू म्हणालास, "काय?" मी म्हटलं, "पाणी जपून ओढ, कप्पी सैल आहे."

पण मला आज तीस तारखेचं लिहायचं आहे.

मी शेंड्यावर कोयता ठोकला, तू तुझी बाजू धरलीस, मी माझी. नवऱ्याकडची सगळी माणसं होती. पहिली चार पेरं सुरेख उघडली. नंतर चीर पळाली, माझ्या अंगाला. परत तशीच! माझ्या हातात बारकी बाजू आणि समोर तू. विरुपाक्षा, मला ओढताही येईना, सोडताही येईना. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. तुझी जाड बाजू सावकाश वाकवलीस, गुडघ्याचा टेकू दिलास, आणि दोन पेरांत चीर मध्यावर आणलीस. शेवटाला दोन्ही भाग असे निघाले की चन्नवीरच्या आईने बोटं लावून मापलं तरी तिला फरक सापडला नाही.

अज्जा ओरडला, "ऑफिसात बसून हात गेला नाही रे तुझा!"

तू म्हणालास, "हात जातो कुठं अज्जा? डोळे पण तिथंच असतात."

सगळे हसले. मी हसले नाही. ज्याला पळालेली चीर इतक्या हलकेच परत आणता येते, त्याला मुद्दाम सोडलेली चीर कळत नाही होय? त्या दिवशी तू दोन हातांवर उभा होतास. अप्पाने आपल्या दोघांना एकाच बांबूवर शिकवलं. चौदा माणसांना माझा हात दिसला नाही, तुला दिसला. दिसला ना? आणि दिसूनही तू म्हणालास, "मागचं माझं." अकरा वर्षं मी समजत होते मी तुला फसवलं. तू फसलाच नव्हतास. मग मी केलं ते काय? तू दिलंस ते काय? काल बस सुटेपर्यंत मला हे विचारता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "तुझ्या घरी माझं एक पत्र पडलं असेल." तू खिडकीतून म्हणालास, "वाचीन की. तुझी सगळी पत्रं कार्डावर उतरवायची आहेत." बस गेली.

सकाळी पोस्टात गेले होते. मैसूरच्या पत्त्यावर गेलेलं पत्र परत मागवता येतं का विचारायला. पोस्टमास्तर म्हणाला, अर्ज करा. मी अर्जाचा कागद घेतला, बाकावर बसले आणि तसाच परत देऊन आले. तुला माहीत असलेलंच त्या पत्रात असेल, तरी ते माझ्या तोंडून तुला मिळू दे. तुला दिसलं होतं, पण मी सांगितलेलं नव्हतं.

मग घरी येऊन दुर्गप्पज्जाला खुर्चीसकट अंगणात बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी दुसऱ्या बाजूला होतो, तरी मला कळलं नाही गं." त्याच्यासमोर मी मधली दोरी काढली. खुंट्या उपटल्या. अकरा वर्षांत जमिनीत घट्ट बसल्या होत्या, पहार लावावी लागली.

नवा बांबू मी चिरणार नाही. माझ्या हाताने अर्धंअर्धं करून तुला देणं म्हणजे पुन्हा मीच ठरवणं. वाटे होते तसेच आहेत, पुढे दोन, मागे एक. निवड परत व्हायची आहे, आणि आधी तूच निवडायचंस. पुढचं घेतलंस तर मी मागे जाईन, पावसाळ्याआधी. अज्जा साक्षीला आहे आणि मी शब्द फिरवणार नाही. घेऊन विकलंस तरी चालेल, मांडव मोडलास तरी चालेल, कमळीला दिलंस तरी चालेल. 'काहीच नको' असं मात्र लिहू नकोस, तो वाटा मी ठेवलेला नाही.

मागच्या वेळी चौदा माणसं बघत होती आणि मी समोर मान घालून उभी होते. या वेळी तू तुझ्या खोलीत एकटा आहेस. कार्डावर एकच शब्द लिही, पुढचं किंवा मागचं, आणि लिहिताना माझ्याकडे बघू नकोस.

अक्का